कर्नलच्या ड्रायव्हरची दुरुस्ती

काकूंच्या थोरल्या जाऊबाईंनी सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं, की आमची धाकटी कुठल्याशा कर्नलकडे नोकरीला आहे. यात त्यांची फारशी चूक नव्हती. एकदा जेवताना त्यांनी विचारलं होतं, "तू नेमकं करतेस तरी काय गं?" आणि काकूंनी तोंडात घास असताना खरं तेच सांगितलं होतं, "कर्नलमधले ड्रायव्हर दुरुस्त करते." जाऊबाईंनी काढायचा तो अर्थ काढला. लष्करातल्या एखाद्या साहेबाच्या गाडीवाल्यांना पंचवीस वर्षं कोणी का दुरुस्त करत बसावं, असा प्रश्न त्यांना पडला असेलही. पण धाकटीच्या नोकरीबद्दल प्रश्न पडावेत इतका रस त्यांना कधीच नव्हता. त्यांना एवढंच कळत होतं, की पंचवीस वर्षांनंतरही हिला स्वतंत्र केबिन मिळालेली नाही.

खरी गोष्ट अशी, की संगणकाच्या तळाशी एक मूळ प्रोग्राम चालू असतो. मेमरीतली कुठली जागा कुणाला वापरायला द्यायची आणि कधी काढून घ्यायची, हे तो ठरवतो. त्याला कर्नल म्हणतात. या कर्नलला बाहेरच्या यंत्राशी बोलायचं तर मध्ये दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. काकूंची कंपनी इस्पितळांसाठी एक्स-रेची यंत्रं बनवायची. माणूस पाटीसमोर उभा राहतो, फोटो निघतो, तो ड्रायव्हरमार्फत मेमरीत येऊन पडतो आणि पडद्यावर दिसतो. मधल्या या मुक्कामात काही बिघडलं, की काकूंना बोलावलं जायचं. बिघडलं नाही तर कुणाला त्यांची आठवण यायचं कारण नव्हतं.

काकू हे नाव त्यांना ऑफिसात मिळालेलं. बारा वर्षांपूर्वी एक चुणचुणीत नवा इंजिनियर त्यांच्या हाताखाली आला, त्यानं चाळिशीतल्या बाईला पहिल्याच दिवशी "काकू" म्हटलं आणि ते चिकटलं. तो इंजिनियर आता उपाध्यक्ष झाला होता. दर वाक्यात एकदा तरी "व्हिजन" म्हटल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नसे, म्हणून मागे सगळे त्याला व्हिजनसाहेब म्हणत. काकू त्याला समोर नुसतं "साहेब" म्हणायच्या, पण असं काही म्हणायच्या, की तो हमखास टायची गाठ चाचपून बघायचा.

तर एके दिवशी एका इस्पितळाकडून पत्र आलं. एका निवृत्त बसचालकाच्या छातीचा फोटो काढला, त्यात उजव्या फुफ्फुसात एक गोल, घट्ट डाग दिसला. डॉक्टरांनी गंभीर चेहरा केला. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा दिवस त्या कुटुंबाला अन्न गोड लागलं नाही. मग मोठ्या इस्पितळात दुसरा फोटो काढला, तर फुफ्फुस लख्ख. पहिला फोटो कोणीतरी भिंगाखाली नीट पाहिला तेव्हा कळलं, की तो डाग म्हणजे गुडघ्याची वाटी आहे. बसचालकाची नव्हे. त्यांच्या आधी आत गेलेल्या एका बाईंची.

कंपनीत तातडीची बैठक बसली. म्हणजे पत्र आल्यावर नवव्या दिवशी. लांबलचक टेबल, पाण्याच्या चौदा बाटल्या आणि व्हिजनसाहेब.

पहिला पाऊण तास या प्रकाराला म्हणायचं काय, यावर गेला. "चूक" हा शब्द कायदा विभागाला चालेना. "बिघाड" विक्री विभागाला सोसेना. शेवटी "दृश्य-अवशेष" या शब्दावर सगळ्यांचं एकमत झालं आणि मोठं काम उरकल्यासारखे सगळे खुर्चीत मागे रेलले.

"माझं व्हिजन असं आहे," साहेब म्हणाले, "की हा युजरचा गोंधळ असणार. ऑपरेटरनं दोन फोटो मिसळले असतील."

"एका माणसाच्या फुफ्फुसात दुसऱ्याचा गुडघा हातानं कसा मिसळतात, साहेब?" काकूंनी विचारलं.

कोणीतरी खोकलं. विक्रीवाल्यानं तोडगा सुचवला: पुस्तिकेत एक ओळ घालू, प्रत्येक पेशंटनंतर यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं. यंत्र चालू व्हायला सहा मिनिटं लागतात आणि इस्पितळात रोज दीडशे पेशंट येतात, हा हिशोब मांडायची जबाबदारी कुठल्याच विभागाकडे नव्हती. काकूंनी तो कागदाच्या कोपऱ्यात मांडला, पंधरा तास झाले, आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवला. शेजाऱ्यानं तो वाचला आणि अदबीनं पालथा घातला.

पुढचे आठ दिवस काकूंनी कंपनीच्या चाचणीखोलीत काढले. तिथे छाती आणि गुडघे असलेला एक प्लॅस्टिकचा पुतळा होता. काकूंनी त्याचे सहाशे फोटो काढले. छातीत छाती आली, गुडघ्यात गुडघा. यंत्र शहाण्या बाळासारखं वागत होतं. "बघा, आपल्याकडे होतच नाही," साहेब दारातून म्हणाले आणि निघून गेले. आपल्याकडे होत नाही म्हणजे कुठेच होत नाही, यावर त्यांची मनापासून श्रद्धा होती.

काकूंनी इस्पितळात जायची परवानगी मागितली. इंजिनियरांनी ग्राहकाकडे जाऊ नये असा नियम होता, कारण पूर्वी एकदा एक इंजिनियर गेला होता आणि खरं बोलून आला होता. काकूंनी अर्धी रजा टाकली आणि बस पकडली.

एक्स-रेची खोली तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला होती. बाहेर बाकावर माणसं, कुणाचा हात गळ्यात अडकवलेला, कुणी स्वतःचे कागद उलटसुलट करून बघणारं. आत शिशाचा जाड एप्रन खुंटीला, भिंतीला कपडे ठेवायच्या खणांची रांग, आणि काचेमागे पन्नाशीचा एक तंत्रज्ञ. चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात तीन पेनं. बाकावरची सगळी माणसं त्याला दादा म्हणत होती.

काकूंनी आपण कोण ते सांगितलं. दादानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं नळ गळायला लागून वर्ष झाल्यावर आलेल्या प्लंबरकडे पाहतात.

"सात वेळा लिहून पाठवलं मी," तो म्हणाला. "सात वेळा. तुमच्या त्या फॉर्मात विचारतात, पडदा काळा झाला का? हो की नाही. आवाज आला का? हो की नाही. धूर आला का? अहो, धूर आला असता तर फॉर्म भरत बसलो असतो का मी? गुडघा आला का, असं कुठे विचारतच नाहीत!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"'इतर' म्हणून एक चौकोन आहे. त्यात वीसच अक्षरं मावतात. मी लिहिलं, 'छातीत गुडघा येतो'. तर मला उलट उत्तर, की वैद्यकीय तक्रारींसाठी कृपया आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधा."

काकूंना हसू आवरेना. दादाही हसला, आणि मग जरा मऊ झाला. त्यानं कपाटातून लांब वही काढली. रोजच्या पेशंटांची यादी, आणि काही नोंदींपुढे लाल पेनानं फुली.

"ज्या ज्या वेळी झालं, त्या त्या वेळी फुली मारली. माझ्या नजरेतून सुटले असतील ते वेगळे. त्या बसवाल्या आजोबांचा फोटो मी पाहिला नाही, मी जेवायला गेलो होतो. ते माझ्या मनातून जात नाही."

"आणि कधी होतं, काही लक्षात आलंय?"

"लक्षात काय यायचंय? दोन प्रती मागितल्या की होतं."

"दोन प्रती?"

"हाडांचे डॉक्टर आहेत ना, त्यांना प्रत्येक फोटोच्या दोन छापील प्रती लागतात. एक फायलीला, एक पेशंटला. पुढच्या पेशंटचा फोटो पडद्यावर आलेला असतो आणि मी मागच्याच्या दोन प्रतींचं बटण दाबतो. एक प्रत काढली की कधीच होत नाही. दोन काढल्या की अधूनमधून होतं. मला वाटलं, हे तुम्हाला ठाऊकच असणार."

काकूंनी वही जवळ ओढली. कंपनीत चाचणी करताना कोणी प्रिंट काढतच नसे. तीन वर्षांपूर्वी व्हिजनसाहेबांनीच सही करून पत्रक काढलं होतं: 'कागद वाचवा, पृथ्वी वाचवा. चाचणीसाठी छपाई करू नये.' त्या पत्रकाच्या चारशे प्रती छापून भिंतीभिंतीवर चिकटवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी भांडारातून कागदाचे वीस गठ्ठे मागवले. भांडारवाल्यानं आधी पृथ्वीचं कारण पुढे केलं, मग नियमाचं, आणि शेवटी स्वतःच्या रक्तदाबाचं. काकू गठ्ठे स्वतः ढकलगाडीवर घालून घेऊन गेल्या. पुतळ्याचा गुडघा, मग पुतळ्याची छाती, आणि छाती पडद्यावर असताना गुडघ्याच्या दोन प्रती. तेराव्या खेपेला छातीच्या फोटोत, डाव्या बरगड्यांखाली, गुडघ्याची पट्टी उमटली. पंचवीस वर्षांत काकूंनी नोकरीच्या ठिकाणी टाळी वाजवली नव्हती; ती त्यांनी वाजवली, आणि मग आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून घेतली.

आता कधी होतंय ते कळलं होतं. का होतंय ते शोधायला दोन दिवस लागले.

पडद्यावरचा प्रोग्राम फोटोची नक्कल करून घेत नाही. मेमरीत फोटो जिथे पडलाय, त्या जागेचा नकाशा कर्नल त्याच्या हाती देतो, आणि प्रोग्राम थेट तिथे पाहतो. इकडे ड्रायव्हर एक आकडा धरून बसतो, की सध्या ही जागा कितीजण बघताहेत. आकडा शून्यावर आला, की कोणी नाही असं समजून तो जागा परत करतो आणि कर्नल ती पुढच्या गरजूला देऊन टाकतो. प्रिंटचं बटण दाबलं, की प्रोग्राम आपलंच एक जुळं तयार करून त्याला छपाईला धाडतो. जुळ्याच्या हातातही तोच नकाशा असतो. म्हणजे बघणारे झाले दोन. पण ड्रायव्हर आकडा वाढवतच नव्हता. जुळं काम संपवून गेलं, की कमी मात्र इमानेइतबारे करत होता. येणाऱ्याची दखल नाही आणि जाणाऱ्याची नोंद पक्की. एकातून एक गेला, शून्य. ड्रायव्हर जागा सोडून मोकळा, आणि तो बिचारा छातीचा फोटो अजून पडद्यावर उघडाच. एकच प्रत असली तर रिकामी झालेली जागा मागायला लगेच कोणी येत नसे. दुसरी प्रत असली, की तिच्यासाठी गुडघा पुन्हा मेमरीत यायचा आणि कधीमधी नेमका त्याच जागेत पसरायचा. यंत्र फोटो जतन करायचं तेही तिथूनच उचलून. त्यामुळे गुडघा फायलीतसुद्धा कायमचा.

आकडा वाढवायचं काम ज्या फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रामच्या ज्या तुकड्याचं, ते फंक्शन होतं. आत काही नव्हतं. रिकाम्या कंसांच्या मध्ये लिहिणाऱ्यानं एक टीप टाकली होती: 'याची गरज पडणार नाही.'

लिहिणारा कोण, हे नोंदीत होतंच. बारा वर्षांपूर्वीचे, तेव्हा नुसतेच चुणचुणीत असलेले, व्हिजनसाहेब.

काकूंना झालेला आनंद लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी उठून चहा आणला, बिस्किटाचा पुडा फोडला, आणि बैठकीत ती टीप मोठ्या अक्षरांत पडद्यावर कशी दाखवायची याची मनातल्या मनात रंगीत तालीम केली. साहेबांचा चेहरा कसा होईल, विक्रीवाला कुठे बघेल, सगळं ठरवून झालं. मग नोंदीचा कागद काढावा म्हणून त्यांनी पान खाली सरकवलं. लिहिणाऱ्याच्या नावाखाली तपासणाऱ्याचा शेरा असतो. तिथे शेरा होता: 'पाहिलं. ठीक आहे.' आणि त्यापुढे काकूंचीच आद्याक्षरं.

बिस्किट चहात विरघळून तळाशी गेलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्या पर्स न ठेवताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या. नवऱ्यानं मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घर ताब्यात घेतलं होतं. तो भाजी चिरत होता, आणि भाजीपेक्षा फळी जास्त चिरली जात होती. काकूंनी सगळं सांगितलं.

"मग त्या शेऱ्याचं काय करणार?" त्यानं विचारलं.

"माझ्याशिवाय इतकं खोल कोणी खणणार नाही. साहेबांचं नाव तेवढं दाखवलं, तर पुढचं कोणी विचारणारही नाही."

"अगं, मग सुटलीस की."

"सुटले ना," काकू म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला ते तपासलेलं आठवतसुद्धा नाही हो. पोरगा हुशार होता, म्हणून नुसतं वरवर चाळलं असणार. त्या आजोबांना अकरा दिवस झोप नव्हती."

नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यानं सुरी खाली ठेवली, आणि भाजीच्या दृष्टीनं ते बरंच झालं.

बैठकीत काकूंनी ती टीप दाखवली. ठरवल्याप्रमाणे मोठ्या अक्षरांत. विक्रीवाला ठरल्याप्रमाणेच छताकडे बघू लागला. साहेब टायच्या गाठीशी खेळत म्हणाले, "हे कोणी लिहिलंय, हे उकरण्यात पॉइंट नाही. आपण पुढे बघू या. माझं व्हिजन..."

"लिहिलं तुम्ही," काकू म्हणाल्या. "तपासलं मी. खाली माझा शेरा आहे, ठीक आहे म्हणून. ते ठीक नव्हतं."

दुसऱ्यावर ढकललेल्या चुका त्या टेबलानं पुष्कळ पाहिल्या होत्या. स्वतःहून चालत आलेली चूक पहिलीच. तिला कुठे बसवावं, कुणालाच कळेना. कायदा विभागाच्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. साहेबांनी काकूंकडे पाहिलं, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना पोरगा दिसला, पहिल्या आठवड्यात यंत्राची पाटी फोडून ठेवल्यावर काकूंच्या टेबलाशी आला होता तसा. मग तो गेला आणि उपाध्यक्ष परत आले.

"अहवालात आपण 'ऐतिहासिक कारणं' असं लिहू," ते म्हणाले.

दुरुस्ती एका ओळीची होती. रिकाम्या कंसात आकडा एकनं वाढवायचा. ती ओळ लिहायला काकूंना अर्धं मिनिट लागलं, आणि ती ओळ धोकादायक नाही हे सिद्ध करणारा एकतीस पानांचा फॉर्म भरायला साडेतीन आठवडे. त्या काळात त्यांनी पुतळ्याच्या गुडघ्याच्या दोन-दोन प्रती अडीच हजार वेळा काढल्या. छाती स्वच्छ राहिली. भांडारवाला आजारपणाच्या रजेवर गेला.

खरी हाणामारी झाली ती पत्रावरून. इस्पितळांना पाठवायच्या पत्राचा मसुदा साहेबांच्या कचेरीतून आला: 'ग्राहकांचा अनुभव अधिक समृद्ध करण्याच्या दृष्टीने दृश्य-अवशेषविषयक सुधारणा उपलब्ध करण्यात येत आहे.' सुधारणेवर काकूंची तांत्रिक सही लागणार होती. काकूंनी पेन खिशात ठेवलं.

"यात जुन्या फोटोंबद्दल काहीच नाही," त्या म्हणाल्या. "कुठले फोटो पुन्हा बघायचे, ते इस्पितळांना कळायला हवं. छपाईच्या नोंदी यंत्रात राहतात आणि त्यांची प्रत आपल्याकडेही येते. दोन प्रती कधी काढल्या आणि तेव्हा पडद्यावर कुणाचा फोटो होता, याची यादी निघते. मी काढून ठेवलीय."

"काकू, उगाच घबराट होईल."

"घबराट झालेली आहे, साहेब. आपल्याकडे पोचली नाही एवढंच."

"तुम्ही सही केली नाहीत तर दुरुस्ती अडेल. मग उद्या कुणाच्या छातीत काय आलं, तर ते तुमच्यावर येईल."

हा वार मात्र वर्मी बसला. काकूंची चांगले दोन दिवस यावर घालमेल झाली. घरी जाऊबाई आल्या होत्या, त्यांनी एकंदर चेहरा पाहून विचारलं, "कर्नल रागावले का गं?" काकूंनी "हो" म्हणून टाकलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन वेगळे कागद केले. दुरुस्तीवर सही केली आणि ती त्याच सकाळी रवाना केली. पत्रावर सही करायचं नाकारलं, आणि का नाकारलं ते सहा ओळींत लिहून त्याची पोच कायदा विभागाकडून घेतली. कायद्याच्या बाई त्या सहा ओळी वाचून पांढऱ्या पडल्या. उद्या कोर्टात हा कागद निघाला तर काय, याचा विचार करायचं काम अखेर एका विभागाकडे होतं. चार दिवसांत नवं पत्र निघालं, सरळ भाषेत, यादीसकट. लिहिणाऱ्यानं 'चूक' हा शब्द तीनदा वापरला होता. पहिल्यांदा लिहिताना त्याला घाम फुटला असणार.

दोनशेवर इस्पितळांत जुने फोटो पुन्हा पाहिले गेले. सत्तेचाळीस फोटोंत परकी हाडं सापडली. बहुतेक कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या कोपऱ्यांत. तिघांवर नसलेल्या आजाराचे उपचार चालू होते, ते थांबले. आणि एका बाईंच्या छातीतला खरा डाग दुसऱ्याच्या मनगटाखाली झाकला गेला होता. त्यांना बोलावून घेतलं, वेळेत. हे आकडे काकूंना दादानं आणि इतर ठिकाणच्या त्याच्या ओळखीच्या तंत्रज्ञांनी कळवले. कंपनीनं आकडे मागवलेच नव्हते.

त्या वर्षी एका परिषदेत व्हिजनसाहेबांनी 'पारदर्शकता: एक प्रवास' या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं. रिकाम्या कंसांचा फोटो त्यांनीही दाखवला. मधली टीप कातरली होती. टाळ्या पडल्या. काकूंना दोन कागद मिळाले: एक कौतुकाचा, ज्यावर त्यांच्या नावाऐवजी विभागाचं नाव होतं, आणि एक कागदाच्या उधळपट्टीबद्दल समज देणारा, ज्यावर नाव अगदी बिनचूक होतं. शिवाय शिक्षा म्हणा, बढती म्हणा, यापुढे प्रत्येक ड्रायव्हरची तपासणी त्यांच्याच हातून व्हावी असं ठरलं. केबिन नाही मिळाली.

काकू आता तपासतात. ओळ न् ओळ. शेऱ्यात 'ठीक आहे' लिहीत नाहीत, प्रश्न लिहितात, आणि उत्तर आल्यावर आणखी प्रश्न लिहितात. कामं रखडतात, लोक त्यांच्या नावानं बोटं मोडतात, आणि उपाहारगृहात त्या दिसल्या की एकदोघं ताट घेऊन लांबच्या टेबलाकडे वळतात.

मध्यंतरी दादाचा फोन आला. "मॅडम, एक बारीकसं आहे. यंत्र सुरू केल्यावर पहिला फोटो कधीकधी आरशातल्यासारखा उलटा येतो. डावं उजवीकडे. फॉर्म भरला, पण त्यात—"

"फॉर्म राहू द्या," काकू म्हणाल्या, आणि पेन्सिल शोधू लागल्या. "मला सांगा, कुठल्या कुठल्या दिवशी झालं?"

"सोमवारी," दादा म्हणाला. "थांबा हं, वही काढतो."